वास्तुशांत मोबाइलवर?

प्रश्न : नव्या घराची वास्तुशांत करायची आहे. धाकटे दीर म्हणतात, सगळे मंत्र मोबाइलवर मिळतात, भटजींच्या मागे कशाला लागायचं? सासूबाईंना मात्र गावचे म्हातारे शास्त्रीबुवाच हवेत. खरंच एवढा फरक पडतो का?
– एक वाचक भगिनी, खानापूर तालुका

उत्तर : ताई, दिरांचं निम्मं बरोबर आहे. नुसते मंत्र ऐकायचे तर मोबाइल पुरे. उच्चारही पुष्कळ भटजींपेक्षा स्वच्छ असतात. अडतं ते संकल्पापाशी. आपण कुठे बसलोय हे तिथं नदीवरून सांगायचं असतं. वरच्या अंगाच्या काही पोथ्यांत ‘कृष्णावेण्योः उत्तरे तीरे’ असं येतं. आपली कृष्णा वाहते चिकोडी-रायबागकडून, म्हणजे खानापूरच्या उत्तरेला. ऐकलं तसं म्हटलंत तर वास्तुशांत नदीपलीकडच्या कुणाच्या तरी घराची व्हायची! जाणता माणूस तिथं ‘दक्षिणे’ म्हणतो आणि पुढे जातो, तुम्हाला पत्ताही लागत नाही.

शास्त्री कशाला लागतो, त्याचं दुसरं उदाहरण एकादशीचं. मी बेळगावात संस्कृत शिकवायचो तेव्हा पालक हटकून विचारत, कॅलेंडरात एकादश्या दोन का? सूर्योदयाआधीच्या चार घटका, म्हणजे ९६ मिनिटं, हा अरुणोदय. दशमी लांबून तेवढ्यात शिरली तर भागवत मंडळी, म्हणजे वैष्णव, दुसऱ्या दिवशी उपास धरतात. स्मार्त, म्हणजे स्मृतिग्रंथांप्रमाणे चालणारे बाकीचे, सूर्योदयाची तिथी बघतात. आमच्या शहापुरात मराठी माळकरी आणि शेजारचे मध्वाचार्यांच्या वैष्णव पंथातले कानडी आचार्य एकाच दिवशी उपाशी, आणि मधल्या स्मार्तांकडे त्याच सकाळी पारण्याच्या फोडणीचा वास. चूक कुणाचीच नाही. असले निवाडे कमलाकर भट्टांच्या ‘निर्णयसिंधू’त (१६१२) आहेत, पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास लिहिलेल्या ‘धर्मसिंधू’तही आहेत. पण त्यातलं तुमच्या घराला कुठलं लागू, हे सांगायला शास्त्री लागतो. पूजा सांगणं हे पुरोहिताचं काम, त्याला शास्त्री असायलाच हवं असं नाही. दोन्ही एकाच माणसात सापडले तर नशीब समजा.

तेव्हा सासूबाईंचंही राहू दे, दिरांचंही. शास्त्रीबुवा थकले असतील तर होमाला तरुण गुरुजी बोलवा. धुरात म्हाताऱ्या माणसाला तासन्‌तास बसवू नका. मुहूर्त, संकल्प आणि घरात सोयर-सुतक असेल तर काय करायचं, एवढं मात्र शास्त्रीबुवांच्या घरी जाऊन आधी विचारून या. गोत्र आणि कुलाचार कागदावर लिहून न्या. आणि सल्ल्याची दक्षिणा वेगळी द्या. ती द्यायची लोकांना हमखास आठवण राहत नाही.