फोटो चांगला आला आहे, मग तक्रार कसली?

‘मॅडम, मी जरा जास्तच मनाला लावून घेतेय का?’ समुपदेशनासाठी आलेल्या त्या 26 वर्षांच्या मुलीने बसता बसताच विचारले. (तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) स्थळांना पाठवण्यासाठी आईची पैठणी नेसून तिने नाशिकमधल्या अशोक स्तंभाजवळच्या एका स्टुडिओत पैसे भरून फोटो काढून घेतले होते, आणि दोन महिन्यांनी त्यांतला एक स्टुडिओबाहेरच्या फ्लेक्सवर, पासपोर्ट फोटोंच्या दरपत्रकाशेजारी, झळकू लागला. मावशीने फोनवर ‘मॉडेल झालीस की!’ म्हणून कौतुक केले. आईचे म्हणणे, फोटो छान आलाय, उगाच वाद कशाला? ही मात्र पंचवटीतून कॉलेज रोडला कामावर जाताना नेहमीचा रामवाडी पुलाचा रस्ता सोडून द्वारका, मुंबई नाका असा वळसा घेऊ लागली होती, आणि हे तिने घरी कोणालाच सांगितले नव्हते.

अशा वेळी घरचे लोक फोटो कसा आहे यावर बोलत राहतात, आणि त्रास होणारी व्यक्तीही मग स्वतःलाच हळवी ठरवते. मी तिला एवढेच विचारले, ‘हाच फोटो त्यांनी आधी विचारून लावला असता तर?’ ती बराच वेळ गप्प राहिली. ‘कदाचित हो म्हटलं असतं,’ ती म्हणाली आणि तेव्हा पहिल्यांदा रडली.

कायद्याचा सल्ला देणे हे माझे काम नाही, तरी एक गोष्ट मी तिला आवर्जून सांगितली. एरवी फोटोवर तो काढणाऱ्याचा हक्क असतो. परंतु पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार पैसे देणारा असतो. पावती तिच्या पर्समध्येच होती. (फोटोत छेडछाड झाली असेल किंवा तो अश्लील रीतीने वापरला गेला असेल, तर मात्र पुरावे जपून थेट सायबर पोलिसांकडे जावे.)

स्टुडिओला द्यायच्या पत्राचा तिचा पहिला मसुदा ‘त्रास देत आहे, माफ करा’ असा सुरू होत होता. ते वाक्य तिने स्वतःच खोडले. त्याऐवजी फ्लेक्स कोणत्या तारखेला पाहिला, पावतीचा क्रमांक काय आणि फ्लेक्स किती दिवसांत उतरवावा, हे लिहिले. सोबत फ्लेक्सचा फोटो जोडला आणि पत्राच्या प्रतीवर पोच घेतली. चार दिवसांत फ्लेक्स उतरला. मालकाने मोठी फ्रेम फुकट देऊ केली, ती तिने नाकारली.

आता ती पुन्हा रामवाडी पुलावरून जाते. स्थळांना पाठवायचा फोटो मात्र तिने बदलला आहे. नवा फोटो भावाने घरच्या गच्चीवर मोबाइलने काढला, आणि पैठणी अजून कपाटातच आहे.