समुद्रातल्या बॅक्टेरियापासून खरंच औषध सापडतं का? एमएस्सीच्या प्रोजेक्टला हा विषय घेऊ का?

घ्या की, पण बाटल्या भरभरून पाणी आणू नका, चिखल आणा. मी पण एमएस्सीला हेच केलं होतं, रत्नागिरीला भाट्याच्या खाडीत ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून घरच्या स्टीलच्या डब्यात गाळ आणला (आईने तो डबा परत स्वयंपाकघरात घेतला नाही).

गाळ आधी वाळवायचा आणि थोडा तापवायचा, म्हणजे भराभर वाढणारी गर्दी मरते आणि अ‍ॅक्टिनोमायसिटीसचे (सावकाश वाढणारे, अँटिबायोटिक बनवणारे जीवाणू) स्पोअर, म्हणजे त्यांची टणक बीजं, टिकतात, आपल्याला तेच हवेत. मग प्लेटी (जीवाणू वाढवायच्या अगारच्या बशा) लावून तीन-चार आठवडे गप्प बसायचं. बरेच जण आठवड्यात प्लेटी फेकून देतात, तिथेच चुकतं. माझ्याकडे तिसऱ्या आठवड्यात खडूची पूड सांडावी तशा कॉलन्या आल्या, अगारला इतक्या घट्ट की लूपने टोकरून पण निघेनात, आणि झाकण उघडलं की पहिल्या पावसाचा वास! तो वास हीच मंडळी बनवतात.

त्यातल्या एकाने स्टॅफच्या (रोग करणारा स्टॅफिलोकॉकस जीवाणू) प्लेटवर स्वतःभोवती असला भारी क्लिअर झोन (जिथे स्टॅफ वाढतच नाही) दिला की मी मनातल्या मनात पेटंट पण घेऊन टाकलं. इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये अर्क काढला तर रंग केशरी, चार महिने प्युरिफाय करत बसलो आणि शेवटी मास (रेणूचं वजन) काढलं तर १२५५, म्हणजे अ‍ॅक्टिनोमायसिन डी. अ‍ॅक्टिनोमायसिन वॅक्समन आणि वुडरफने १९४० मध्येच मातीतल्या जीवाणूतून काढलेलं आहे, झालं कल्याण. या फील्डची खरी डोकेदुखी हीच, जुनंच परत परत सापडतं. म्हणून झोन दिसला की आधी मास काढा, प्युरिफिकेशन नंतर.

दुसरी चूक म्हणजे मी मीडिया (जीवाणूंचं खाद्य) साध्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये केला, त्यामुळे खास समुद्राचे जे होते ते उगवलेच नसणार. अमेरिकेत स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेच्या फेनिकल आणि जेन्सन यांना बहामाच्या समुद्रतळाच्या गाळात सॅलिनिस्पोरा नावाचा जीवाणू मिळाला, तो समुद्राच्या पाण्याशिवाय वाढतच नव्हता. त्यातून २००३ मध्ये सॅलिनोस्पोरामाइड ए आलं, त्यात क्लोरीनचा अणू आहे आणि त्याच्यामुळे ते कॅन्सर पेशीच्या प्रोटिअसोमला (नको असलेली प्रोटीन तोडणारी यंत्रणा) एकदा चिकटलं की सुटत नाही. मॅरिझोमिब नावाने ते मेंदूच्या ट्यूमरसाठी माणसांवरच्या चाचणीच्या तिसऱ्या फेजपर्यंत गेलं, पण पेशंटचं आयुष्य काही वाढलं नाही.

यशस्वी पण आहेत. सेफॅलोस्पोरिन या अँटिबायोटिकची बुरशी इटलीच्या ब्रोत्झूने १९४५ मध्ये सार्डिनियात सांडपाणी समुद्राला मिळतं तिथून उचलली होती, आणि आज सेफॅलोस्पोरिन प्रत्येक मेडिकलमध्ये मिळतं. ट्रॅबेक्टेडिन या कॅन्सरच्या औषधाची गंमत अजून वेगळी, ते सापडलं सी स्क्वर्ट नावाच्या समुद्री प्राण्यात, एका ग्रॅमला साधारण टनभर प्राणी लागायचे, पुढे कळलं की बनवणारा त्याच्या आत राहणारा बॅक्टेरिया आहे. आता स्यूडोमोनास या दुसऱ्याच बॅक्टेरियाच्या फर्मेंटेशनमधून कच्चा माल काढून पुढचं केमिस्ट्रीने करतात.

तुमच्या कॉलेजात एलसी-एमएस (अर्कातले घटक वेगळे करून त्यांचं मास मोजणारं मशीन) नसेल तर कुठे करून मिळेल ते विषय फायनल करायच्या आधीच विचारून ठेवा. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं होतं, तेव्हा डिसेंबरनंतर जा, आणि खारफुटीत शिरणार असाल तर आधी वन विभागाच्या कांदळवन कक्षाची परवानगी लागते का ते बघा.