‘आमचं मूल कुणाला काही देतच नाही’

डिसेंबर लागला की मुलांबद्दल सल्ला घ्यायला माझ्याकडे येणाऱ्या पालकांमध्ये एक तक्रार हमखास वाढते. सोसायटीत, शाळेत, ऑफिसात गरम कपडे गोळा करायचे ठरतात, घरोघरी कपाटं उपसली जातात, आणि नेमकं तेव्हाच घरातलं मूल आखूड झालेला स्वेटर छातीशी धरून ‘मी नाही देणार’ म्हणून बसतं. आईबाबा हादरतात. “मॅडम, कशाची म्हणून कमी नाही त्याला, तरी हातून काही सुटत नाही. पुढे स्वार्थी निघेल का हो?”

या प्रश्नाचं उत्तर मी एका मुलाची हकीकत सांगून देते. ओळख पटू नये म्हणून नाव आणि काही तपशील बदलले आहेत. त्याला ओम म्हणू. वय ९ वर्षं, राहायला मुलुंड पूर्वेला. घरात आई, बाबा आणि निवृत्त शिक्षक असलेले आजोबा.

वाद झाला तो एका निळ्या, फुगीर जॅकेटवरून. मनालीच्या सहलीसाठी घेतलेलं. मुंबईत असलं जॅकेट घालायची वेळ कधी येतच नाही, त्यामुळे सहलीहून आल्यावर ते डांबरगोळ्या घालून माळ्यावर गेलं होतं. दोन वर्षांत ओम वाढला आणि बाह्या मनगटाच्या वर आल्या. सोसायटीच्या लॉबीत कपड्यांची पोती भरायला सुरुवात झाली तेव्हा आईने इतर कपड्यांबरोबर तेही नेऊन टाकलं. ओमला कळलं तसा तो धावत खाली गेला, सगळ्यांसमोर पोतं उलटं केलं, जॅकेट ओढून काढलं आणि ते पोटाशी घेऊन जिन्यात जाऊन बसला. लॉबीतल्या एक बाई म्हणाल्या, “एवढासा आहे आणि केवढी हाव!” आईला ते फार लागलं.

घरी मग सगळ्यांनी आपापल्या परीने प्रयत्न केले. बाबा ओरडले. आई म्हणाली, जॅकेट दिलंस तर तुला हवी ती खेळण्यातली गाडी आणू. आजोबांनी कर्णाच्या कवचकुंडलांची गोष्ट सांगितली. ओम घुम्म. गाडीही नको म्हणाला. “गाडीवरसुद्धा पाणी सोडलं, पण जॅकेट सोडलं नाही,” असं आई मला सांगत होती तेव्हा माझ्या डोक्यात पहिला विचार हाच आला की हे हावेचं लक्षण दिसत नाही. हाव असती तर त्याने गाडी मागून घेतली असती.

मी आईबाबांना विचारलं, “जॅकेट द्यायचं कुणी ठरवलं?” दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. “त्यात ठरवायचं काय? लहान झालंय त्याला,” आई म्हणाली. बहुतेक घरांत असंच होतं, आणि त्यामागे कुणाचाही वाईट हेतू नसतो. मुलाचे कपडे आईच घेते, आईच धुते, आईच देऊन टाकते. वस्तू मात्र मुलाची असते.

ओमशी बोलताना मी जॅकेटचा विषयच काढला नाही. त्याने कागद घेतला आणि त्यांच्या पार्किंगमधलं क्रिकेट काढून दाखवलं. स्टंप म्हणून विटा, फलंदाज, यष्टिरक्षक, चेंडू गाडीखाली गेला तर आऊट, एक टप्पा आऊट वगैरे नियमांसकट. गोलंदाजाच्या जागी कुणीच नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, “तो येत नाही आता.”

तो म्हणजे सोसायटीच्या वॉचमनकाकांचा मुलगा. ओमच्याच वयाचा, पंपरूमच्या बाजूच्या खोलीत राहणारा, आणि ओमच्या मते अख्ख्या सोसायटीत सगळ्यात जोरात चेंडू टाकणारा. आदल्या हिवाळ्यात ओमच्या आईने ओमचा लाल स्वेटर त्या घरी दिला होता. मुलाला तो आवडला, तो घालून खेळायला आला. खेळता खेळता कुणाचं तरी लक्ष कॉलरच्या आतल्या बाजूला गेलं. शाळेच्या सहलीत हरवू नये म्हणून आईने तिथे मार्कर पेनने लिहिलं होतं, ‘ओम, ७०३’. ते मोठ्याने वाचलं गेलं. मग पोरं ओरडायला लागली, “ओमचा स्वेटर! परत दे त्याचा त्याला!” त्या मुलाने स्वेटर काढला, समोरच्या गाडीच्या बॉनेटवर टाकला आणि घरी गेला. त्यानंतर तो खेळायला आला नाही.

ओम म्हणाला, “ताई, त्याला मस्त वाटत होतं स्वेटर घालून. मग त्यांनी नाव वाचलं.” जरा थांबून म्हणाला, “निळ्या जॅकेटवर पण आईने नाव लिहिलंय.”

मुलाने द्यायला नकार दिला की मागे असंच काही दडलेलं असतं असं मी म्हणणार नाही. बरेचदा कारण साधं असतं. ती वस्तू त्याला आवडत असते, तिच्याशी एखादा प्रवास, एखादं माणूस जोडलेलं असतं, किंवा आपल्याला न विचारता घेतली याचाच राग असतो. पण कारण असतं, आणि ‘का रे नाही द्यायचं?’ एवढं शांतपणे विचारून ऐकून घेतलं तर ते बहुतेक वेळा कळतं. ओमला लॉबीत, घरात, कुणीच ते विचारलं नव्हतं. चारचौघांत मान खाली गेली की विचारायचं राहून जातं, हे मी समजू शकते. मुलाच्या मनात मात्र ‘देणं’ आणि ‘ओरडा खाणं’ यांची कायमची गाठ बसते, आणि ती सोडवायला पुढे फार कष्ट पडतात.

मुळात देणं ही मुलांना बाहेरून चिकटवायची गोष्ट नाही. फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवून दिलं की अवघी दीड वर्षाची मुलंही समोरच्या मोठ्या माणसाच्या हातून पडलेली वस्तू कुणी न सांगता उचलून देतात. त्याच दोघांनी २००८ साली पुढचा प्रयोग केला. ज्या मुलांना मदतीबद्दल दर वेळी काहीतरी वस्तू बक्षीस मिळाली, ती बक्षीस थांबल्यावर इतर मुलांपेक्षा कमी मदत करू लागली. ओमच्या आईला मी हे मुद्दाम सांगितलं. गाडीच्या बदल्यात जॅकेट सुटलं असतं तर पोत्यात एक कपडा वाढला असता, पण ओमच्या हाती देण्यातला आनंद लागला नसता.

मला याहून महत्त्वाचा वाटतो तो २०१३ सालचा, नादिया चेर्न्याक आणि तमार कुशनिर यांचा प्रयोग. ३ ते ५ वर्षांच्या मुलांना एक उदास बाहुली दाखवली आणि हातात एक स्टिकर दिला. काही मुलांना सांगितलं, हा बाहुलीला द्यायचाच आहे. काहींना म्हटलं, बाहुलीला दे किंवा स्वतःकडे ठेव, तुझं तू ठरव. नंतर दुसरी बाहुली आणली आणि आणखी स्टिकर दिले. स्वतःकडे ठेवता येत असूनही ज्यांनी पहिल्यांदा आपणहून दिलं होतं, त्यांनी या वेळी जास्त वाटले. ठेवून घ्यायची मुभा असताना दिलं तरच मुलाला ‘मी देणारा आहे’ असं स्वतःबद्दल वाटू लागतं. मुभाच नसेल तर दिलेलं असतं आईने, मुलाच्या हातून.

ओमची गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय मी आईबाबांना सांगितली नाही. त्यानेच सांगितली, माझ्यासमोर, अडखळत. आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “मी तर चांगल्या मनाने दिला होता तो स्वेटर.” दिला होताच. वॉचमनकाकांच्या घरी त्याचा उपयोगही होता. पण घेणाऱ्या मुलाला रोज त्याच पार्किंगमध्ये, त्याच पोरांसमोर वावरायचं होतं, हे मोठ्यांपैकी कुणाच्या लक्षात आलं नाही. ९ वर्षांच्या मुलाच्या लक्षात आलं, आणि दुसऱ्या कुणावर ती वेळ येऊ नये म्हणून त्याने स्वतःवर हावरटपणाचा शिक्का बसू दिला. हे मी आईबाबांना जसंच्या तसं सांगितलं. अशा वेळी मुलाच्या बाजूने स्पष्ट बोलणं हे माझं कामच आहे असं मी मानते.

आता जॅकेटचं काय करायचं ते ओमवर सोपवलं. ठेवलंस तरी चालेल, कुणी काही म्हणणार नाही, असं बाबांनी स्वतः त्याला सांगितलं. काही दिवस ते कपाटात राहिलं. मग त्यानेच अटी घातल्या. ओळखीच्या कुणाला द्यायचं नाही. नाव दिसता कामा नये. देताना फोटो काढायचा नाही. या तीन अटी मी तेव्हापासून अनेक घरांत सांगत आले आहे. हातात ब्लँकेट देताना काढलेला, घेणाऱ्या मुलाचा चेहरा दिसणारा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका, असं मी अगदी हात जोडून सांगते.

बाबांची शंका होती, “पण मुंबईत थंडी असते कुठे? हे जॅकेट घालणार कोण?” शंका रास्त आहे. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांवर गेला होता, पण तो विक्रम. एरवी जानेवारीत पहाटेचं तापमान १६-१७ अंशांच्या आसपास असतं. घरात आपण पंखा एकावर करतो, तेवढीच ती थंडी. फूटपाथवर, सिमेंटवर पाठ टेकून झोपणाऱ्याला तीच थंडी बोचते, आणि त्याला फुगीर जॅकेटपेक्षा साधी चादर किंवा शाल जास्त उपयोगी पडते. परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपास रस्त्याकडेला मुक्काम केलेली माणसं आपण सगळेच पाहतो. उपचारांसाठी बिहार, उत्तर प्रदेश, बंगालहून आलेली. केमोथेरपीत केस गेलेल्या डोक्याला आपल्याकडच्या थंडीतही लोकरीची टोपी हवीशी वाटते. आणि यातलंच एखादं कुटुंब जानेवारीत लहान मुलाला घेऊन दरभंग्याला किंवा गोरखपूरला परत निघतं, तेव्हा त्या मुलाला मनालीचं जॅकेट लागतंच. पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरही रात्री चांगल्याच गार असतात. म्हणून देण्याआधी फोन करून काय हवंय, कुठल्या मापाचं हवंय हे विचारायचं, आणि तो फोन मुलासमोर करायचा.

बाबांनी रुग्णांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला तसा फोन केला. ओमने शेजारी बसून मापं लिहून घेतली.

मग जॅकेटची तयारी. कॉलरवरचं नाव साबणाने हललं नाही. सॅनिटायझर लावून कापूस घासला तर फिकट झालं, पण ‘७०३’ तरीही वाचता येत होतं. शेवटी आईने निळ्या कापडाचा चौकोनी तुकडा कापला आणि ओमने स्वतः सुई धरून तो नावावर शिवला. टाके वाकडे आले, आईने ते उसवले नाहीत. चेन मधेच अडकत होती, तिच्या दातांवर आजोबांनी मेणबत्ती घासून दिली. खिशात मनालीच्या कुठल्याशा दुकानाची पावती निघाली, ती ओमने ठेवून घेतली.

त्याच संध्याकाळी त्याने विचारलं, “आजोबा, तुम्ही काय देणार?” आजोबांच्या कपाटात सत्काराच्या शालींचा गठ्ठा होता, काही तर पिशवीतून बाहेरही न काढलेल्या. आपल्याकडे शाल-श्रीफळाची प्रथा असल्याने असे गठ्ठे घरोघरी आहेत. आजोबांनी त्यातल्या पातळ, नुसत्या दिखाऊ शाली बाजूला ठेवल्या आणि ऊबदार निवडून काढल्या. त्यात निवृत्तीच्या समारंभात मिळालेली एक होती. गाडगेबाबांच्या दशसूत्रीतलं ‘उघड्यानागड्यांना वस्त्र’ हे कलम त्यांनी आयुष्यभर मुलांना वर्गात शिकवलं होतं. दादरच्या ज्या धर्मशाळेत कर्करुग्णांची राहायची सोय होते ती गाडगेबाबांच्याच नावाची, हेही त्यांनी ओमला सांगितलं. कर्णाच्या गोष्टीपेक्षा त्या निवडलेल्या शालींनी ओमवर जास्त परिणाम केला, असं त्याच्याशी बोलताना मला स्पष्ट जाणवलं. घरातले मोठे फक्त नको असलेलंच देतात की आवडीचंही देतात, हे मुलं बरोबर टिपतात.

घेणाऱ्याचा मान राखायच्या वाटा आपल्या ओळखीच्या आहेत. बोहारीण दारात बसायची तेव्हा आई-आजी तिच्याशी घासाघीस करून जुन्या साड्यांवर पातेलं घ्यायच्या. त्यात उपकाराचा लवलेश नसे, दोन्ही बाजूंनी चोख व्यवहार. १९९९ साली ‘गूंज’ सुरू करणाऱ्या अंशू गुप्ता यांनी हेच ओळखलं. त्यांच्या संस्थेच्या कामात गावकरी विहीर खोदतात, रस्ता दुरुस्त करतात आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे घेतात. २०१५ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ८-१० वर्षांच्या मुलांना हे उदाहरण सहज समजतं.

राहिला ओमचा मित्र. आईला वाटत होतं, त्याला नवाकोरा स्वेटर नेऊन द्यावा. मी नको म्हटलं. त्याला खेळायला परत यायचं होतं आणि त्यासाठी वस्तूची गरज नव्हती. ओम एकटाच गेला, “बॉलर नाहीये आमच्याकडे” म्हणाला. पहिल्या दिवशी तो आला नाही, नंतर आला. चिडवणाऱ्या पोरांशी त्यांचे-त्यांचे पालक बोलले. ते बोलणं ओमच्या बाबांनी घडवून आणलं, आणि ते सोपं नव्हतं.

मध्यंतरी आईचा पुन्हा फोन आला. शाळेत खेळणी गोळा करत होते, ओमने जुने पझल काढून दिले, पण बॅट द्यायला साफ नकार दिला. दुसरी नवी बॅट घरात आहे, तरीही. “आता काय करू, मॅडम?” मी म्हटलं, काही करू नका, बॅट त्याची आहे, राहू दे त्याच्याकडे.