पेनांगमधले घर आणि खालचे कोपितियाम

मलेशियाच्या पेनांग बेटावर नोकरीनिमित्त येणाऱ्या मराठी कुटुंबांचे प्रश्न बहुतेक घर आणि जेवण या दोनच गोष्टींभोवती फिरतात. या वेळी त्यांतील चार प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : बायान लेपासच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी मिळाली आहे. कंपनीजवळ मोठा फ्लॅट घ्यावा, की जॉर्ज टाउन शहराच्या बाजूला लहान? हातात किती रक्कम ठेवावी?

उत्तर : पहिल्या वर्षी लहानच घ्या. येथील प्रथेप्रमाणे दोन महिन्यांचे भाडे अनामत, अर्ध्या महिन्याचे वीज-पाण्यापोटी आणि एका महिन्याचे आगाऊ भरावे लागते. म्हणजे भाडे 2,000 रिंगिट असेल, तर किल्ली हाती येण्यापूर्वी 7,000 रिंगिट जातात. करारावरील मुद्रांक शुल्क निराळे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यासारखा भाडेकरूला आधार देणारा कायदा येथे नाही, त्यामुळे करारात जे लिहिले असेल तेच खरे. अनामत किती दिवसांत परत मिळेल आणि एसीची दुरुस्ती कोणी करायची, हे लिहून घ्या. ताबा घेताना प्रत्येक खोलीचे फोटो काढून घरमालकाला त्याच दिवशी पाठवा. माझी अर्धी अनामत एकदा ओट्यावरच्या एका जुन्याच चऱ्यापायी अडकली होती, आणि तो चरा आधीचा आहे हे दाखवायला माझ्याजवळ काहीच नव्हते.

जागा निवडताना मी आणखी एक गोष्ट पाहतो : इमारतीपासून चालत पाच-सात मिनिटांवर कोपितियाम, म्हणजे खाण्याच्या गाड्या असलेले कॉफीचे दुकान, आहे का? ते असेल तर मोठ्या स्वयंपाकघराचे भाडे भरण्याची गरज उरत नाही.

प्रश्न : येथे बाहेरचे जेवण घरच्यापेक्षा फारसे महाग पडत नाही. हे कसे परवडते, आणि असेच टिकेल का?

उत्तर : याचे मूळही जागेच्या भाड्यातच आहे. ‘कोपी’ म्हणजे कॉफी आणि ‘तियाम’ म्हणजे दुकान. दुकानाचा मालक स्वतः बहुधा फक्त चहा-कॉफी विकतो आणि पुढची जागा चार-सहा गाड्यांना भाड्याने देतो. त्याची कमाई पेयांवर होत असल्याने गाडीवाल्याकडून त्याला फार भाडे घ्यावे लागत नाही. म्हणूनच पेय न मागवता नुसते जेवणाऱ्याकडून काही ठिकाणी टेबलाचे थोडे पैसे घेतले जातात. त्यावर चिडू नये, तुमची ताटली त्यामुळेच स्वस्त आहे. गाडीवाला एकच पदार्थ करतो. ‘चार क्वे त्याव’ हा परतलेल्या शेवयांचा पदार्थ करणारा सकाळपासून तांदळाच्या चपट्या शेवया, मुगाचे लांब मोड आणि शिंपल्या एका वेळी एक-दोन ताटल्यांपुरत्याच मोठ्या आचेवर परततो. कढई भरून केल्या, तर शेवयांना पाणी सुटते आणि जो धुरकट वास हवा तो येत नाही.

टिकण्याचा प्रश्न मात्र अवघड आहे. मलेशियाच्या 1966 च्या भाडे नियंत्रण कायद्याने 1948 पूर्वीच्या इमारतींची भाडी गोठवली होती, आणि जॉर्ज टाउनच्या जुन्या दुकानघरांत खाली धंदा व वर बिऱ्हाड अशी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. मुंबईची पागडी पाहिलेल्या वाचकांना हे चित्र समजावून सांगायला नको. छपराची डागडुजी कोणीच करत नसे, हेसुद्धा तेच. 1997 मध्ये कायदा रद्द झाला, 2000 च्या आरंभी संरक्षण संपले, आणि भाडी वाढताच अनेक जुन्या कुटुंबांनी शहराचा मध्यभाग सोडला. काही रिकाम्या घरांत तर खाद्य म्हणून विकल्या जाणाऱ्या घरट्यांसाठी पाकोळ्या पाळल्या गेल्या. 2008 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव आल्यावर अशा कित्येक घरांची हॉटेले झाली. वास्तू वाचल्या याचा मला आनंद आहे. पण रोज सकाळी माडीवरून उतरून नाश्ता करणारे गिऱ्हाईक गेले, आणि पर्यटकाच्या भरवशावर चालणारी गाडी भाव पर्यटकाचाच लावते. म्हणून वारसा क्षेत्रात फिरायला जावे, रोजचे जेवण मात्र वस्तीतल्या बाजाराजवळ शोधावे.

प्रश्न : भाडे भरण्यापेक्षा येथे घर विकत घ्यावे का?

उत्तर : तीन वर्षांच्या नोकरीसाठी मुळीच नको. परदेशी नागरिकाला ठरावीक किमतीखालचे घर घेता येत नाही, ही मर्यादा प्रत्येक राज्य स्वतः ठरवते आणि स्वस्त घरे त्यातून सरळ वगळली जातात. पाच वर्षांच्या आत विकल्यास परदेशी मालकाला नफ्यावर 30 टक्के कर भरावा लागतो, त्यानंतरही 10 टक्के. भारतातून पैसे पाठवणाऱ्या निवासी व्यक्तीने आर्थिक वर्षाला 2,50,000 डॉलरची मर्यादाही लक्षात ठेवावी.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत, सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. येथील खाण्याचा आनंद आम्हाला मिळेल का?

उत्तर : मिळेल, पण नुसते पाहून मागवू नका. चार क्वे त्याव परंपरेने डुकराच्या चरबीत परततात, ‘आसाम लाक्सा’ या शेवयांच्या पदार्थाचा आंबट रस्सा बांगड्यासारख्या मासळीचा असतो, आणि कांगकुंग म्हणजे आपली नाळीची भाजी असली तरी तिच्यात बहुधा कोळंबीचा ‘बेलाचान’ वाटून घातलेला असतो. नासी कांदारचे नाव मात्र आपल्याला जवळचे वाटावे : ‘कांदार’ म्हणजे कावड, आणि तमिळ मुसलमान विक्रेते पूर्वी भात व कालवण खरोखरच कावडीने विकत. तेथे भेंडी मिळते, पण वर ओतायचा रस्सा मांसाहारीच असतो.

सासूबाईंसाठी बौद्ध पद्धतीची चिनी शाकाहारी भोजनालये उत्तम, कारण तेथेही कांदा-लसूण वर्ज्य असतो. चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे साधारण आपल्या अमावास्या-पौर्णिमेला, अनेक चिनी कुटुंबे शाकाहार पाळतात. त्या दिवशी तेथे गर्दी फार असते, पण पदार्थही अधिक असतात. अकराच्या आत पोहोचावे.