कमाल दर, अपात्र मृत्यू आणि 56 अंश

वाचकांचे प्रश्न : बातमीतले आकडे आणि बातमीतली माणसे

प्रश्न : मी काटोलहून एका दैनिकाला बातम्या पाठवतो. सोयाबीनच्या बातमीत नागपूरच्या कळमना बाजाराचा दर क्विंटलला 4,650 रुपये दिला. त्याच बातमीत ज्या शेतकऱ्याचे म्हणणे घेतले, त्याला 3,950 मिळाले होते. व्यापारी म्हणतात शेतकरी खोटे बोलतो, शेतकरी म्हणतात आकडा खोटा. कुणाचे धरायचे?

उत्तर : बहुधा दोघांचेही. बाजार समितीच्या रोजच्या तक्त्यात आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. तुम्ही उचललेला आकडा कमाल दराचा दिसतो. त्या दराने दोन पोती गेली की दोनशे, हे तक्त्यावरून कळत नाही. बातमीत घ्यायचा तो सर्वसाधारण दर, म्हणजे ज्या दराच्या आसपास सर्वांत जास्त माल विकला गेला तो. ती सरासरी नव्हे, त्यामुळे ‘सरासरी भाव’ असेही लिहू नये. कमाल दर मथळ्यात टाकायची खोड मोठमोठ्या दैनिकांनाही आहे. तो वाचून गावातल्या माणसाला वाटते की सगळ्यांना मिळाले, आपलाच माल मातीमोल गेला.

आता शेतकऱ्याकडे वळू. नुसते तोंडी ऐकून लिहू नका, अडत्याने दिलेली हिशेबपट्टी पाहा. तिच्यावरची तारीख तुमच्या तक्त्याच्या तारखेशी जुळते का? सांगितलेला दर हमाली-तोलाई कापण्यापूर्वीचा की नंतरचा? मालात ओलावा किती होता, डागी दाणे आणि काडीकचरा किती? हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला 12 टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. 2024 च्या खरिपात केंद्राने ती मर्यादा 15 टक्क्यांपर्यंत वाढवली होती. नुकत्याच मळलेल्या ओल्या मालाचा दर हमीभावाशेजारी ठेवायचा असेल, तर ओलाव्याचा उल्लेख त्याच वाक्यात हवा. हमीभावही त्याच हंगामाचा घ्या. 2024-25 साठी तो क्विंटलला 4,892 रुपये होता, 2025-26 साठी 5,328. गेल्या वर्षीच्या बातमीतून आकडा चिकटवला की सगळा हिशेब बिघडतो.

आणि एकाच शेतकऱ्यावर थांबू नका. त्याच दिवशीच्या, वेगवेगळ्या अडतींवरच्या आठ-दहा पट्ट्या पाहिल्या की आपला माणूस कुठे बसतो ते दिसते. तो तळाला असेल तरी त्याची हकिगत जरूर घ्या, पण तसे सांगून : ‘मंगळवारी सर्वसाधारण दर 4,300 रुपये होता, ओलावा जास्त असल्याने यांच्या मालाला 3,950 मिळाले.’ एवढे लिहिले असते तर निम्मा वाद टळला असता.

प्रश्न : नागपुरात पत्रकारिता शिकते. विदर्भातील शेतकरी आत्महत्यांचा आकडा प्रत्येक बातमीत वेगळा दिसतो. कोणता खरा मानू? आणि बातमीची सुरुवात एखाद्या कुटुंबापासून करावी का?

उत्तर : आकडे दोन वेगळ्या दारांतून येतात. एक महसूल खात्याचा. तहसीलदाराचा अहवाल जिल्हा समितीपुढे जातो आणि प्रकरण ‘पात्र’, ‘अपात्र’ किंवा ‘चौकशीसाठी प्रलंबित’ ठरते. ही पात्रता सरकारच्या एक लाख रुपयांच्या मदतीसाठी असते. कुटुंबाच्या नावावर जमीन नाही, किंवा थकीत कर्ज कागदावर सिद्ध झाले नाही, की प्रकरण अपात्र. माणूस मात्र गेलेलाच असतो. म्हणून ‘यंदा एवढ्या आत्महत्या’ असे लिहिताना केवळ पात्र प्रकरणे मोजणे ही साधी चूक नाही, त्याने बातमीच खोटी होते. तिन्ही रकाने द्या आणि माहिती कोणत्या तारखेपर्यंतची ते लिहा, कारण शेवटच्या दोन-तीन महिन्यांतली प्रलंबित प्रकरणे पुढे रकाने बदलतात.

दुसरा आकडा एनसीआरबीचा, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा. तो पोलीस नोंदींवरून, कॅलेंडर वर्षाप्रमाणे निघतो आणि बराच उशिरा छापला जातो. त्यात 2014 पासून शेतकरी आणि शेतमजूर वेगळे दाखवतात, त्यामुळे त्याआधीच्या वर्षांशी सरळ तुलना करू नये. महसुलाचा आकडा एका वर्षासाठी आणि एनसीआरबीचा दुसऱ्या वर्षासाठी घेऊन ‘वाढ’ काढलेली दिसली, तर ती बातमी बाजूला ठेवा. शिवाय ‘विदर्भ’ म्हणजे कोणते जिल्हे? अमरावती विभागाचे पाच, त्यात वर्धा धरून सहा, की सगळे अकरा? पहिल्या उल्लेखातच सांगून टाका.

कुटुंबाबद्दल. सुरुवात त्यांच्यापासून करायला हरकत नाही, पण त्यांच्या हकिगतीतून आकड्यामागची एखादी कडी उलगडली पाहिजे : जुने पीककर्ज थकले, म्हणून बँकेने नवे दिले नाही, म्हणून पेरणीला खासगी सावकार. हे सातबारा, बँकेची नोटीस, पासबुक यांवरून पडताळता येते. कागद न मिळाल्यास ‘कुटुंबाचे म्हणणे’ एवढेच लिहा. आत्महत्येची पद्धत आणि जागा देऊ नका, एकाच कारणाचा शिक्का मारू नका. भारतीय प्रेस परिषदेने 2019 मध्ये याबाबत मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या आहेत. संमती दु:खाच्या पहिल्या दिवसांत घेतली असेल, तर छापण्यापूर्वी पुन्हा विचारा. बातमीखाली टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक असावा.

प्रश्न : मानेवाड्यात राहतो. नागपूर गुन्हेगारीत किती वर, याच्या बातम्या येतात. आमच्या वस्तीत तर शांतता आहे. मग हा दर कसा काढतात?

उत्तर : नोंदलेले गुन्हे भागिले लोकसंख्या, गुणिले एक लाख. गोम भाजकात आहे. एनसीआरबी महानगरांसाठी 2011 च्या जनगणनेची लोकसंख्या वापरते, तेव्हा नागपूर महानगरात सुमारे 25 लाख लोक होते. गुन्हे आजचे आणि माणसे 2011 ची! साहजिकच झपाट्याने वाढलेल्या शहरांचा दर फुगतो. शिवाय मोजणी एफआयआरची असते. पोलिसांनी तक्रारी मन लावून नोंदवल्या की आकडा चढतो, आणि नोंद वाढणे म्हणजे गुन्हे वाढणे नव्हे, असे एनसीआरबी स्वतःच सांगते. एका प्रकरणात अनेक गुन्हे असतील तर ते फक्त त्यातल्या सर्वांत गंभीर गुन्ह्यात धरले जाते. तुमच्या वस्तीतल्या शांततेने शहराचा दर खोटा ठरत नाही आणि त्या दरावरून तुमची वस्ती कळत नाही. त्यासाठी पोलीस ठाणेनिहाय आकडे हवेत. ते माहिती अधिकारात 10 रुपयांच्या अर्जावर मागता येतात. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांत असावा लागतो. गुन्ह्याचा प्रकार आणि वर्षे नेमकी लिहा. आलेल्या उत्तरात 4 चे 7 झाले असतील तर ‘75 टक्क्यांनी वाढ’ असा मथळा करू नका, 4 आणि 7 हेच छापा.

प्रश्न : नागपूरला खरेच 56 अंश तापमान झाले होते का?

उत्तर : नाही. 30 मे 2024 रोजी एका स्वयंचलित हवामान केंद्राने तो आकडा दाखवला. संवेदक (सेन्सर) बिघडल्याचे हवामान विभागाने सांगितले. देशातला आजवरचा नोंदलेला उच्चांक 51 अंश, राजस्थानात फलोदी येथे, 19 मे 2016 रोजी. त्याहून पाच अंश जास्त आकडा दिसल्यावर आधी शहरातल्या दुसऱ्या केंद्रांची नोंद पाहायची, मग सोनेगावच्या प्रादेशिक हवामान केंद्राला फोन करायचा. या दोन्ही कामांना दहा मिनिटे पुरतात.