घरच्या कॉम्प्युटरला विकतचा अँटीव्हायरस लागतो का?

प्रश्न: नमस्कार सर, तारकर्लीला आमचा छोटा होमस्टे आहे. बुकिंगचा हिशोब, पाहुण्यांच्या आधारकार्डांचे फोटो, आमचे सातबारे, बँकेची स्टेटमेंटं सगळं मी एकाच कॉम्प्युटरवर ठेवते, विंडोज १० आहे. रिपेअरला येणारा मुलगा म्हणतो वर्षाचा अँटीव्हायरस घ्या नायतर डेटा जाईल. घेऊ का?
– एक वाचक, ता. मालवण

उत्तर: ताई, अँटीव्हायरस हवाच, पण तो तुमच्याकडे आधीपासून आहे. विंडोज १० मध्ये डिफेंडर फुकट येतो आणि घरच्या वापराला तो पुरतो, विंडोज सिक्युरिटी उघडून चालू आहे का तेवढं बघा. हे मुद्दाम सांगतोय कारण विंडोज विकत न घेता क्रॅक करून टाकताना बरेचदा डिफेंडर आधी बंद करतात आणि तो तसाच बंद राहतो, तेव्हा तुमचं विंडोज ओरिजिनल आहे का हे त्या मुलाला स्पष्ट विचारा.

मला खरी काळजी विंडोज १० चीच वाटते. मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, म्हणजे विंडोजमध्येच नवीन भोक सापडलं तर ते बुजवणारा अपडेट नेहमीसारखा येणार नाही, आणि विकतचा अँटीव्हायरस ते भोक बुजवत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरने, म्हणजे फायली लॉक करून पैसे मागणाऱ्या व्हायरसने, जगभरातले कॉम्प्युटर लॉक केले, त्यावरचा अपडेट मार्चमध्येच आला होता, ज्यांनी टाकला नव्हता ते अडकले. मशीन विंडोज ११ ला चालत असेल तर लगेच करून घ्या. पावसात लाईट जाते, नेट रखडतं, म्हणून अपडेट पुढे ढकलू नका.

अँटीव्हायरसचे पैसे बाहेरच्या हार्डडिस्कला घाला. सगळ्या डेटाची कॉपी तिच्यावर झाली की केबल काढून ठेवायची, लावलेली राहिली तर रॅन्समवेअर तीही लॉक करतो.

आणि ती आधारकार्डं! लोकांनी विश्वासाने दिलेली आहेत ती, नोंदीला लागतात तेवढेच दिवस ठेवा, मग रिसायकल बिनमधूनसुद्धा उडवा. चालत असेल तिथे मास्क्ड आधार मागा, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात.

एक मात्र कुठलाच अँटीव्हायरस अडवेल असं नाही. "बँकेतून बोलतोय, हे ॲप टाका" म्हणून कोणी स्क्रीन मागितली आणि आपण ओटीपी सांगितला, तर ॲप खरंच असतं, त्याला व्हायरस म्हणणार कोण? फोन कट करा, पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाईन लावा.