वाचक विचारतात : हद्द कुणाची, कारभार कुणाचा?

या महिन्याच्या टपालातली तीन पत्रं घेतली आहेत. तिन्ही शासनाबद्दलच निघाली. तिसऱ्यातलं शासन मात्र व्याकरणातलं आहे, तेव्हा राजकारणाला कंटाळलेल्यांनी थेट तिथे उडी मारली तरी चालेल.

प्रश्न : आमची बाणेरला मोठी सोसायटी आहे. पाणी टँकरचं, वॉचमन आमचे, ओल्या कचऱ्याचं खत आवारातच होतं, जिन्यातले दिवे सोलरवर. तरी मिळकतकर भरायचाच. आमच्यासारख्यांना सरकार हवंच कशाला?
– एका सोसायटीचे सेक्रेटरी, बाणेर

उत्तर : सेक्रेटरीसाहेब, हा हिशेब जेम्स ब्यूकॅनन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९६५ सालीच मांडून ठेवलाय. ज्या सोयीपासून बाहेरच्याला गेटवर अडवता येतं, ती सोय चार घरांनी वर्गणी काढून क्लबसारखी चालवावी आणि सभासद किती असावेत तेही हिशेबाने ठरवावं. तुमची सोसायटी म्हणजे असाच क्लब. पण त्याचं राज्य कंपाउंडपुरतं. तुमचा टँकर ज्या विहिरीवर भरतो, ती काही आवारात नाही. आणि डेंग्यूचा डास वॉचमनच्या वहीत सही करून आत येत नाही. डासांचा बंदोबस्त एकदा झाला की त्याचा फायदा कर भरणाऱ्याला होतो तसाच न भरणाऱ्यालाही होतो. म्हणून अशा गोष्टींसाठी आपणहून कुणी खिशात हात घालत नाही, हे पॉल सॅम्युएल्सनने १९५४ मध्ये गणिताने दाखवलं होतं. मिळकतकर भरा. खत आणि सोलरसाठी करात सवलत असते, ती घेताय ना? पुण्यात राहून तीही सोडली असेल, तर माझ्याकडे इलाज नाही.

प्रश्न : मी फुरसुंगीचा, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं आमच्या शिवारात आला, तेव्हा आम्ही महापालिकेच्या हद्दीबाहेर होतो. २०१७ मध्ये आम्हाला आत घेतलं. मग पुन्हा बाहेर काढून २०२४ मध्ये उरुळी देवाचीसह वेगळी नगरपरिषद केली. क्लासमध्ये हॉब्ज आणि लॉक हे इंग्रज तत्त्वज्ञ पाठ करून घेतात. आमच्या गावाची गोष्ट कुठल्या सिद्धान्तात बसते?

उत्तर : दादा, त्या दोघांत नाही बसत. हॉब्जचं पुस्तक १६५१ मध्ये छापून आलं ते यादवीतून निघालेल्या, राजाचं मुंडकं उडवलेल्या इंग्लंडमध्ये. सत्ताच नसेल तर माणसं एकमेकांना खातील, ही त्याची धास्ती. आपल्याकडे शांतिपर्वात मात्स्यन्याय म्हणतात तोच. लॉकचं म्हणणं, सत्ता लोकांच्या संमतीने येते आणि तिने विश्वासघात केला तर काढून घेता येते. दोघांच्याही मते राज्य लोकांच्या आपसातल्या करारातून जन्मतं. पण करार करायला बसलेले ‘आपण’ म्हणजे नेमके कोण, हे दोघांनीही ठरल्यासारखं धरलं. तुमचं भांडण तिथेच आहे. कचरा टाकणाऱ्यांच्या पंगतीत तुमचं पान मांडलेलंच नव्हतं.

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने १९१९ च्या म्युनिकच्या व्याख्यानात राज्याची व्याख्या केली : ठरावीक भूप्रदेशात वैध बळाचा एकाधिकार यशस्वीपणे सांगणारा समाज. पोरं ‘बळ’ आणि ‘एकाधिकार’ झोकात लिहितात आणि ‘ठरावीक भूप्रदेशात’ गाळतात. पेपर तपासताना मी त्याचा अर्धा गुण कापायची. मुलं कुरकुरायची. तुमच्या गावाला विचारा, त्या अर्ध्या गुणाची किंमत काय ती.

आता अर्थशास्त्र. आर्थर पिगूने १९२० मध्ये म्हटलं की ज्याच्या उद्योगाचा भुर्दंड तिसऱ्यावर पडतो, त्याच्यावर कर बसवा. पण कर बसवणार कोण? इथे भुर्दंड लादणारीच महापालिका आणि सोसणारा तिच्या हद्दीबाहेर. १९६० मध्ये रोनाल्ड कोस म्हणाला, हक्क कुणाचा ते स्पष्ट असेल आणि बोलणीचालणी स्वस्तात होत असतील, तर दोन्ही बाजू आपसात तोडगा काढतील. तुमच्याकडे विहिरींचं पाणी नासलं, प्यायला टँकर आले, पण ज्या सभागृहात कचऱ्याचे ठराव व्हायचे तिथे तुमचा नगरसेवक नाही. मग घासाघीस करायला हातात काय उरलं? रस्ता. २०१७ च्या उन्हाळ्यात कचरा डेपोला आग लागली, गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, शहरात कंटेनर ओसंडले, आणि मग बोलणी सुरू झाली. कोसला असा दाखला सुचला असता की नाही कोण जाणे. त्याची उदाहरणं शेतात घुसणाऱ्या गुरांची.

हद्दवाढीवर तज्ज्ञांत दोन तट आहेत. एक म्हणतो, सगळं एका मोठ्या महापालिकेत घाला, म्हणजे बाहेरचा भुर्दंड घरातला होईल. दुसरा तट व्हिन्सेंट ऑस्ट्रॉम, टीबू आणि वॉरन यांच्या १९६१ च्या लेखापासूनचा : महानगरात सत्तेची अनेक केंद्रं असू द्या, कारण प्रत्येक कामाचं माप वेगळं. व्हिन्सेंटची पत्नी एलिनॉर ऑस्ट्रॉमने पुढे अमेरिकेतल्या इंडियानापोलिस भागातल्या पोलिसांचा अभ्यास केला. लहान वस्त्यांची छोटी पोलीस दलं मोठ्या शहराच्या दलापेक्षा काही कमी नव्हती, पुष्कळदा सरसच निघाली. २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेली ती पहिली स्त्री. आपली पांझरेकाठची फड पद्धतही तिच्याच विचारात बसते : बंधाऱ्याचं पाणी कुणाला, कधी, किती, हे गावाने ठरवायचं आणि त्यासाठी पाटकरी गावानेच नेमायचा.

पुण्यात केंद्रांची वाण नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिका. पुणे, खडकी आणि देहूरोड ही संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली कँटोन्मेंट. वर २०१५ पासूनची पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. पण ऑस्ट्रॉमबाईंची एक अट आपण विसरतो : केंद्रांचे आपसातले तंटे झटपट आणि स्वस्तात मिटवायची जागा हवी. माझं स्पष्ट मत विचाराल, तर गटारं, दिवे, रस्ते यांना तुमची नगरपरिषदच बरी. डेपोचा कारभार मात्र ना एकट्या शहराकडे असावा, ना एकट्या गावाकडे. लेखी करार, त्यात रोजच्या टनांची मर्यादा, आणि मोजायला गावाने निवडलेला माणूस वजनकाट्यावर. परीक्षेत ऑस्ट्रॉम जरूर लिहा, पण ‘ती मोठ्या सरकारच्या विरोधात होती’ असलं गाईडातलं वाक्य लिहू नका. तिचा विरोध सगळ्यांना एकच माप लावण्याला होता.

प्रश्न : मी भाषाशास्त्रात एम. ए. करतेय. चॉम्स्की या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाचा ‘गव्हर्नमेंट अँड बाइंडिंग’ सिद्धान्त नेमलाय. बाबा विचारतात, व्याकरणात सरकार कुठून आलं? तुम्ही तरी समजावून सांगा.
– एक विद्यार्थिनी, कर्वेनगर

उत्तर : बाळ, व्याकरण माझं माहेर नव्हे, पण हा विषय मला फार आवडतो. कुठला शब्द कुठल्या विभक्तीवर ‘शासन’ करतो, ही भाषा लॅटिन शिकवणाऱ्या पंतोजींची, जुनी. चॉम्स्कीने १९७९ मध्ये इटलीतल्या पिसा इथे दिलेल्या व्याख्यानांत तिला काटेकोर रूप दिलं. १९८१ मध्ये पुस्तक आलं.

बाबांना मराठीतच दाखव. मी त्याला भेटते, त्याच्याशी बोलते, त्याच्यावर रागावते. माणूस तोच, पण त्याने कुठल्या वेशात यायचं ते क्रियापद ठरवतं. ‘माझा थोरला भाऊ’ याला ‘कडे’ लागला, की ‘माझ्या थोरल्या भावाकडे’. एका शब्दयोगी अव्ययापुढे तिघेही झुकले.

आता ही सत्ता कुठवर चालते ते बघ. ‘मी समजते की तो शहाणा आहे’ यात ‘समजते’ला ‘तो’च्या केसालाही धक्का लावता येत नाही. ‘की’पलीकडे वेगळं वाक्य, तिथला कारभार ‘आहे’कडे. ते वाक्य मोडून आत घेतलं, की ‘मी त्याला शहाणा समजते’. लगेच ‘त्याला’! वरच्या पत्रातल्या दादांना हे वाक्य पटकन कळेल. कुठली भिंत सत्तेला अडवते आणि कुठली नाही, यावरच चॉम्स्कीचं १९८६ चं पुस्तक आहे.

बाइंडिंग म्हणजे ‘स्वतः’सारख्या शब्दाचा धनी कोण, ते ठरवणारे नियम. त्यात मराठी आणखी गंमत करते. ‘जनी म्हणाली की सुशीने स्वतःला चिमटा काढला’. चिमटा सुशीलाच. ‘स्वतः’ आपल्या वाक्याच्या आतच धनी शोधतो. ‘जनी म्हणाली की सुशीने आपल्याला चिमटा काढला’. आता चिमटा जनीला! ‘आपण’ भिंतीपलीकडे बघतो. इंग्रजीत असा शब्द नाही, म्हणून त्यावर बेतलेल्या नियमाला मराठीपुढे डागडुजी करावी लागली. उत्तरात हे उदाहरण घाल, परीक्षक खूश होईल.

आणखी एक. १९९५ पर्यंत चॉम्स्कीने स्वतःच ‘शासन’ ही कल्पना मोडीत काढली; नव्या मांडणीत तिच्याशिवाय भागतं म्हणाला. तेव्हा पेपरात १९८१ चं उत्तर लिहायचं की १९९५ चं, ते आधी सरांना विचारून घे.